चौथ्या ओळीतलं उणे

सुधीर सरांचा सत्तरीचा सत्कार वाशीच्या एका कॉलेजात आहे हे कळलं, तेव्हापासून सुनयनाचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"कशाला जातीस?" आई म्हणाली. "जुनं उकरून काय मिळनार तुला?"

"मिळो न मिळो. त्याला मी सोडणार नाही."

कोपरखैरण्यातल्या माथाडी कामगाराची ही पोर. हिचं काम अणुकेंद्राच्या गणिताचं. यंत्र नाही, प्रयोग नाही, कागद आणि डोकं. एका जड अणूचं केंद्र गोल नसून अंड्यासारखं लांबट असतं, हे तिने वर्षानुवर्षं खपून मांडलं. मार्गदर्शक सुधीर सरांनी "वाचून देतो" म्हणत ते नेलं आणि एकट्याच्या नावावर छापलं. तिने तोंड उघडलं, तर प्रबंधच अडकवला. त्यांना बढत्या, शाली, हारतुरे. ही जुईनगरच्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांकडून गणितं घोटून घेतेय. तिने डूख धरला होता आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही.

या अणुगणितवाल्या लोकांच्यात एक रिवाज आहे. वक्त्याने आपलं गणित खडूने फळ्यावर मांडायचं. मग कुणीही उठून शंका विचारावी. उत्तरही फळ्यावरच द्यायचं. सत्काराच्या दिवशी सरांनी तेच लांबट केंद्राचं, पाठ केलेलं गणित फळ्यावर झरझर उतरवलं. टाळ्या पडल्या. सुनयना उठली.

"सर, चौथ्या ओळीत उणे आहे. तिथे अधिक नको का?"

सरांनी तिला ओळखलं. ते फळ्याकडे वळले आणि तसेच उभे राहिले. स्वतः केलेलं असतं तर दोन ओळींत मोकळे झाले असते.

"अधिक धरलं तर सगळं उत्तरच फिरतं की," पुढच्या रांगेतून कुणी पुटपुटलं.

"हे... हे मी केलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "हे गणित सुनयनाचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचंच. मी विश्वासाने छापलं. चूक असेल तर ती तिची."

सुनयना पुढे गेली, त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि चौथ्या ओळीखाली शांतपणे तीन ओळी लिहिल्या. पहिल्या रांगेतल्या माना हळूहळू डोलू लागल्या.

"उणेच बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "चूक कुठेच नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे सरांकडे बघत होते, आणि तिला इतका आनंद झाला होता की खडू परत द्यायचंही सुचलं नाही.