मागे राहिलेली पात

मानवतच्या त्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ दरवर्षी हरत असे, एवढे सांगून भागत नाही. तो कसा हरत असे, हे सांगितले पाहिजे. गोल करण्यात तो कधी उणा पडला नाही. मागच्या हंगामात त्याने परभणीच्या एका संघावर तीन गोल चढवले होते आणि स्वतः पाच खाऊन तो घरी परतला होता. पोरे अंगाने दणकट होती, गुडघे फुटले तरी मैदान सोडणारी नव्हती, आणि त्यांच्या या गुणाचे गावात कौतुकही होत असे. परंतु चिवट माणसे एकत्र आली म्हणजे चिवट संघ तयार होतो, हा समज जितका सार्वत्रिक आहे तितकाच निराधार आहे. ज्यांना तो अजूनही खरा वाटतो, त्यांच्यासाठीच ही हकिकत लिहिली आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर राजनंदिनी ढगे नव्या प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या. त्या मूळच्या पिंगळीच्या. विद्यापीठाच्या मुलींच्या संघात बचावफळीत खेळलेल्या. बोलणे मोजके, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. मैदान एका जिनिंगच्या भिंतीला लागून होते. कापसाचा हंगाम भरात असल्यामुळे भिंतीपलीकडून उडालेले तंतू काळ्या मातीवर पसरत आणि सराव संपेपर्यंत मुलांच्या भुवया म्हाताऱ्यांसारख्या पांढऱ्या होत. पहिल्याच सकाळी मॅडमनी चेंडू कुलपात ठेवला, चार बचावपटूंच्या हाती एक लांब दोर दिला, आणि तो ढिला पडू न देता व तुटेस्तोवर न ताणता एका रांगेत डावीउजवीकडे सरकायला सांगितले. बरेच दिवस हेच चालले. शेवटी कर्णधार वैजीनाथ, जो बचावफळीच्या मध्यभागी खेळत असे, न राहवून बोलला.

"मॅडम, बैलाला बी दुपारी सोडत्यात. आमाला कवा सोडायलाव?"

"बैल रांग सोडत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमी सोडता."

बचावफळीच्या डाव्या टोकाला आदिनाथ असे. तो जिंतूर तालुक्यातला, वसतिगृहात राहणारा. अंगाने रुंद, पायाने जड. त्याचे आईवडील आणि थोरला भाऊ दसऱ्यानंतरच ऊसतोडीसाठी कोल्हापूरच्या बाजूला गेले होते. टोळीत कोयता मोजतात तो जोडीने. आईवडिलांचा मिळून एक कोयता होता, भाऊ मात्र एकटा, म्हणजे अर्धा. आदिनाथने जाऊन ती जोडी पुरी करायची आणि परीक्षेपुरते परत यायचे, असे घरात जवळजवळ ठरले होते. तो थांबला तो केवळ संघात होता म्हणून. निघताना त्याची आई सारजाबाई हिने एकच अट घातली होती: संघात असशील तोवर राहा, नसशील त्या दिवशी गाडी धर. आदिनाथचे अख्खे वर्ष मैदानाच्या त्या डाव्या पट्टीवर टेकलेले होते, आणि ही गोष्ट संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

प्रतिस्पर्ध्यांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त एवढेच दिसत असे की डाव्या बाजूचा गडी जड आहे. सेलूच्या एका संघाशी झालेल्या सरावाच्या सामन्यात त्यांनी एकामागून एक चढाया त्याच्याच अंगावर केल्या. त्यांच्या चपळ खेळाडूने आदिनाथला चकवले की वैजीनाथ त्याच्या मदतीला धावे, वैजीनाथच्या शेजारचा गोपाळ वैजीनाथच्या मागोमाग धावे, आणि उजव्या टोकाचा भागवतही आपली जागा टाकून तिकडेच येई. चौघे एका माणसाभोवती गोळा होत. चेंडू मात्र शांतपणे दुसऱ्या बाजूला जाई, जिथे गोलरक्षक रामहरी एकटा उभा असे. मानवतने चार गोल खाल्ले, आणि चारही याच रीतीने.

सामना संपल्यावर क्रीडा समितीचे प्रमुख व्यंकटराव मैदानात उतरले. ते तर्कशास्त्र शिकवत. युक्तिवाद करण्याची संधी त्यांनी आयुष्यात कधी वाया घालवली नव्हती. सर्वांसमक्ष त्यांनी आपले म्हणणे पायरीपायरीने मांडले. चारही गोलांची सुरुवात डावीकडून झाली. डावीकडे आदिनाथ आहे. म्हणून आदिनाथला काढावे आणि त्या जागी बालाजीला, संघातल्या सर्वांत वेगवान मुलाला, उभे करावे. नाही तरी बचावावर इतका वेळ घालवण्याचे प्रयोजन त्यांना उमगत नव्हते. गोल केल्याशिवाय आजवर कोण जिंकले आहे, असा त्यांनी शेवटी प्रश्न टाकला.

"गोल खाल्ल्याशिवाय कोण हरलंय, सर?" मॅडमनी विचारले.

व्यंकटराव क्षणभर थांबले. या प्रश्नात काही हेत्वाभास दडलेला आहे का, हे ते तपासत असावेत. नसल्याची खात्री झाल्यावर त्यांनी सवलत दिली: विद्यापीठाच्या स्पर्धेतला पहिला सामना आदिनाथ खेळेल. त्याच्या बाजूने झालेल्या गोलामुळे संघ हरला, तर त्याचे नाव कमी होईल. आदिनाथ चार पावलांवर बसून बुटाची नाडी सोडत होता. ती सुटल्यावरही तो बराच वेळ सोडत राहिला.

व्यंकटराव गेल्यावर मॅडमनी बचावपटूंना समोर बसवले आणि एवढेच विचारले की आदिनाथ चुकल्यावर तिघेही तिकडे का पळाले. भागवतने चेंडू तिकडे होता असे काहीतरी पुटपुटले. वैजीनाथने मात्र उत्तर दिले, आणि ते देताना त्याला स्वतःलाच थोडे नवल वाटल्यासारखे दिसले.

"त्याची पात मागं ऱ्हायली व्हती, मॅडम. ती सोडून कसं फुडं पहायचं?"

पोरे हसली. मॅडम हसल्या नाहीत. खुरपणीला बसलेल्या बाया शेजारीशेजारी एका रांगेत सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोनतीन ओळींचा जो पट्टा येतो, ती तिची पात. एखादीचा हात मंद पडून तिची पात मागे राहिली, तर शेजारणीने ती लावून, म्हणजे खुरपून बरोबरीला आणून, द्यायची, ही या मुलखातली रीत. तिच्यासाठी कोणी कोणाचे आभार मानत नाही, आणि ती मोडणाऱ्या बाईशेजारी दुसऱ्या दिवशी कोणी बसत नाही. वैजीनाथच्या हाडात मुरलेली ही रीत त्याला मैदानावर नडत होती. प्रशिक्षकाने अशा वेळी ती खोडून काढावी, असे कोणीही म्हणेल. मॅडमचे मत निराळे पडले. पोरांनी त्या रीतीतली माया तेवढी उचलली आहे, शिस्त बांधावरच राहिली आहे, असे त्यांना वाटले. आणि याचे कारणही त्यांना दिसत होते. मदतीला धावणाऱ्या त्या तिघांनी खुरपणी जन्मभर पाहिली होती, पण ते बायकांचे काम म्हणून स्वतः कधी केली नव्हती.

रविवारी सकाळी त्या चौघांना घेऊन मॅडम वैजीनाथच्या शेतात गेल्या. हरभरा वीतभर झाला होता आणि त्यात गवत माजले होते. वैजीनाथची आई कमलबाई हिने खुरपी काढून दिली, आणि कॉलेजात आता हेही शिकवतात काय, असे विचारून ती बांधावर बसली. एवढा फुकटचा तमाशा सोडून घरी जाण्याची तिची तयारी नव्हती.

"वैज्या, खुरपं हाय ते. कुऱ्हाड न्हाई," ती मधूनच म्हणाली.

वैजीनाथ भराभर मागे पडला. लगेच गोपाळ आणि भागवत आपापल्या पाती टाकून त्याच्याकडे वळले, आणि एका पातीवर तिघे दाटीने बसले. त्यांच्या स्वतःच्या पाती गवतात तशाच राहिल्या. वैजीनाथच्या दुसऱ्या बाजूला आदिनाथ होता. दोन वर्षे आईसोबत लोकांच्या रानात त्याने रोजाने खुरपणी केलेली होती. त्याने आपली पात सोडली नाही. बसल्याबसल्या थोडा सरकून त्याने वैजीनाथची जवळची ओळ आपल्यात घेतली, आणि मान वर न करता तो बोलू लागला. गोपाळने एकट्याने इकडे यावे. भागवतने मागे फिरून गोपाळची एक ओळ आपल्यात ओढावी. ते तसे सरकले. रांग थोडी तिरकी झाली, पण कोठे तुटली नाही. आणि बांधाशी पोहोचली तेव्हा मागे गवताची काडी नव्हती.

मॅडम खुरपणी पाहत नव्हत्या. त्या आदिनाथचे ओठ पाहत होत्या. मैदानावर हा मुलगा कधी तोंड उघडत नसे. चुकणाऱ्याने बोलू नये, असा त्याचा समज झालेला होता.

"इथं बोलतोस, तिथं गप का?" त्यांनी विचारले.

"तिथं माझीच पात मागं ऱ्हाती, मॅडम. म्या कोन्या तोंडानं सांगावं?"

"मागं राह्यलेल्यालाच नीट दिसतं, कुठं मोकळं पडलंय ते. उद्यापासून रांगेला तू हाक द्यायची. वैजीनाथ, कर्णधार तूच. पण हाक याची. चालेल?"

वैजीनाथने तळहातावरच्या फोडाकडे पाहिले आणि चालेल म्हणाला. मॅडमनी नियम बांधून दिला. एक जण चुकला की सर्वांत जवळच्या एकानेच मदतीला जायचे, उरलेल्यांनी त्याची रिकामी जागा आपल्यात ओढून घ्यायची, आणि चुकलेल्याने चेंडूमागे न धावता जिथे मोकळे पडले असेल तिथे येऊन उभे राहायचे. सोमवारी दोर पुन्हा हातात आला. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, आणि आठवड्याअखेरीस तो नसतानाही असल्यासारखे ते चौघे सरकू लागले. बालाजीला मॅडमनी पुढच्या फळीत धाडले. तिथे वेगाचा उपयोग होता.

विद्यापीठाच्या स्पर्धा परभणीला होत्या, आणि पहिलीच गाठ नांदेडच्या एका नामांकित संघाशी पडली. आदिनाथने आदल्या संध्याकाळीच पिशवी भरून ठेवली होती, आणि ती तो मैदानावर घेऊन आला होता. हरल्यास परस्पर निघायचे, असा त्याचा हिशेब. वैजीनाथने ती पाहिली, उचलली, आणि राखीव खेळाडूंच्या बाकाखाली, पाण्याच्या कॅनच्या मागे सारून दिली.

नांदेडच्या मुलांना डावी बाजू लवकरच सापडली. परंतु त्यांना डावी बाजूच सापडली, तिच्या आडून उघडे पडणारे मैदान काही सापडेना. आदिनाथ चकत होता. त्याचे पाय एका महिन्यात हलके होणार नव्हते. पण चकता चकता त्याचा आवाज चालू असे, आणि त्या आवाजासरशी उरलेले तिघे दारे लोटल्यासारखे सरकत. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. व्यंकटराव, जे पहिल्या अर्ध्यात उभे राहून आक्रमणाच्या सूचना देत होते, ते दुसऱ्या अर्ध्यात खाली बसले.

सामना संपत आला असताना ती चढाई झाली, जिची सगळे वाट पाहत होते. नांदेडचा सर्वांत चपळ गडी आदिनाथच्या डावीकडून निसटला, आणि या वेळी तो पार निसटला. वैजीनाथ, गोपाळ आणि भागवत, तिघांच्याही अंगात जुनी ओढ एकदम उसळलेली बाहेरून दिसली.

"एकच या!" आदिनाथ ओरडला. "वैजू, तू! बाकीचे सरका!"

वैजीनाथ गेला. गोपाळ जिथे निघाला होता तिथेच थबकला आणि वैजीनाथच्या जागी सरकला, भागवत त्याच्या. त्या सरकण्यात मधोमध एक फट राहिली, आणि ती एकट्या आदिनाथला दिसली, कारण तोच मागे होता. चेंडूकडे पाठ करून तो त्या फटीकडे धावला. नांदेडच्या गड्याने वैजीनाथला चुकवून चेंडू नेमका तिथेच मारला, त्याच्या साथीदाराने तो गोलाकडे हाणला, आणि तो आदिनाथच्या छातीवर असा आदळला की आवाज बाकापर्यंत आला. चेंडू रेषेबाहेर गेला. आदिनाथ बसला, खोकला, उठला आणि कोपऱ्यावरून येणाऱ्या चेंडूसाठी पुन्हा जागा वाटू लागला.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीच्या फेरीत बालाजीने आपला फटका जाळ्यात घातला, शेवटचा फटका रामहरीने उजवीकडे झेपावून अडवला, आणि मानवतचा संघ पुढच्या फेरीत गेला. त्या महाविद्यालयाच्या वाट्याला आजवर हे आले नव्हते. व्यंकटराव मॅडमजवळ आले. त्यांनी कबूल केले की त्यांच्या अनुमानात एक पद गळले होते: गोलांची सुरुवात डावीकडून होत होती खरी, पण ते डाव्या गड्यामुळे होत नव्हते. उद्या कोणाला कुठे उभे करायचे, ते मॅडमनी ठरवावे. मात्र एखादा गोल करण्यास त्यांची हरकत नसावी, एवढे त्यांनी जाता जाता सुचवलेच.

संध्याकाळी मैदानाच्या कडेलाच आदिनाथने आईला फोन लावला. सारजाबाई नुकतीच फडातून पालावर आली होती. मागे कोणीतरी चुलीसाठी लाकडे फोडत असल्याचा आवाज येत होता. आपण जिंकलो आणि छातीवर एक चेंडू बसला, हे त्याने सांगितले.

"तू गोल किती मारलेस?" तिने विचारले.

"एक बी न्हाई."

"मंग तुला कशाला ठिवलंय त्यात?"

"होऊ दिला न्हाई म्हणून, आई."

मग तिने ही बातमी कोणाला तरी सांगितली, आणि तो भाऊ असावा, कारण तो मोठ्याने हसला. अर्ध्या कोयत्यालाही उसाची मोळी बांधता येते म्हणावे, असा त्याचा निरोप आईने जसाच्या तसा पोहोचवला.

"उद्या बी खेळायचंय का?"

"उद्या बी."

"मंग ऱ्हा तिथंच," सारजाबाई म्हणाली. "अन् छातीला हळद लाव. तुजा आवाज बसलाय."

आदिनाथने फोन ठेवला आणि बाकाखालची पिशवी घ्यायला तो वळला. वैजीनाथ तिथे आधीच उकिडवा बसून तिच्यातून टॉवेल काढत होता. त्याचा स्वतःचा टॉवेल मानवतलाच राहिला होता.