कालवं त्या घरची नव्हती

चित्रकाराला घरात घेतेस खरी, पण सांभाळून, असं शेजारच्या नेल्त्येमावशीने माख्तेल्तला बजावलं होतं. ही माणसं असतं ते काढत नाहीत, खपतं ते काढतात. माख्तेल्तने ते हसण्यावारी नेलं. चुलीभोवतीच्या निळ्या फरशा तिने माहेराहून आणल्या होत्या. साऱ्या लायडन शहरात तशा कुणाकडे नव्हत्या, आणि त्या चित्रात याव्यात असं तिला फार वाटत होतं.

नवऱ्याचा चित्रकार मित्र योरिस आला तेव्हा मार्चमधली दुपार होती. मोलकरीण आल्त्ये टेबलावर डोकं टेकून झोपली होती. माख्तेल्तचं सात महिन्यांचं बाळ तीन दिवस तापाने फणफणलं होतं. आईचे हात गळाले, तसं आल्त्येनेच त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. टेबलावर अजून व्हिनेगरची वाटी आणि कपाळावरच्या ओल्या पट्ट्या पडलेल्या. माख्तेल्त तिला उठवायला गेली, तर योरिस म्हणाला, राहू द्या वहिनी, छान दिसतंय. आणि तिने राहू दिलं.

एप्रिलात ते चित्र एका दारू गाळणाऱ्याच्या दिवाणखान्यात लागलं. फरशा हुबेहूब, आल्त्येही हुबेहूब. पण वाटीच्या जागी कलंडलेला दारूचा पेला, आणि पट्ट्यांच्या जागी कालवांचे उघडे शिंपले. बाईच्या पुढ्यात कालवं मांडली की ती चवचाल आहे असं सुचवायचं असतं, हे लायडनमधल्या शेंबड्या पोरांनाही कळतं. माख्तेल्तच्या घरात कालवं कधी आलीच नव्हती. नवऱ्याला ती पचत नसत.

फरशांवरून घर ओळखलं गेलं, घरावरून मोलकरीण. पाववाला आल्त्येला विचारू लागला, आज शुद्धीवर आहेस ना? माख्तेल्तचा नवरा विलेम चर्चमध्ये पंच. तो म्हणाला, मे महिन्यात सगळेच मोलकरणी बदलतात, हिलाही जाऊ दे.

माख्तेल्त बाळाला कडेवर मारून थेट योरिसकडे गेली. तो पेला पुसून टाका, म्हणाली.

"वहिनी, चित्रातून काही शिकवण नको का? पोर आजारी म्हणून मोलकरीण झोपली, असलं चित्र भिंतीवर कोण लावेल?"

"शिकवण तुमची, आणि अब्रू तिची? जमिनीवर पडलेली पट्टी तुम्हीच उचलून दिलीत मला. तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"ठाऊक असण्याचा काय संबंध?" योरिस खरोखरच गोंधळला होता. "तिचं नाव थोडंच लिहिलंय त्यावर?"

विलेम ऐकेना, तेव्हा माख्तेल्तने स्वतःच्या हाताने आल्त्येच्या चांगल्या चालीचं पत्र लिहून दिलं. तीन घरच्या बायकांनी ते वाचलं, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पत्र परत केलं. चौथीने दारच उघडलं नाही. डोळ्यांदेखत बाळाला जगवणारी मुलगी खोटी, आणि रंगवलेला पेला खरा!

आल्त्ये होडीने हार्लेमला गेली, वाळूच्या टेकड्यांखाली राखेच्या पाण्यात भिजवून कापड पांढरं करतात, त्या कुरणांवर कामाला. बाळाच्या हिरड्या सुजल्यात, बोट फिरवून बघत जा बाई, एवढंच सांगून गेली.

आल्त्येला वाचता येत नाही, आणि अंगावर पिणारं मूल टाकून माख्तेल्तला जाता येत नाही. धक्क्यावरच्या प्रत्येक होडीवाल्याला ती विचारते. तुमच्यापैकी कुणी हार्लेमकडे जाणार असाल, तर वाळूच्या टेकड्यांखाली चौकशी करा: लायडनची आल्त्ये, उंच, डावखुरी. राखेच्या पाण्याने तिचे हात सोलवटलेत का, पोटभर जेवते का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.