थॅडची डावी बाजू

बुधवारी सकाळी टोलेडोच्या आमच्या कार्यालयात ऑर्विल स्टाहल एकच चित्रफीत पुन्हापुन्हा लावून बघत होते. ते आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे बचाव प्रशिक्षक, मी त्यांचा सहायक. पडद्यावर थॅड लॉकरिज चेंडू फेकत होता. सात हंगाम तो आमचाच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू होता. येत्या रविवारी मात्र दुसऱ्या संघाकडून आमच्याविरुद्ध उतरणार होता.

"डेल्बर्ट, मान बघ त्याची," ऑर्विल म्हणाले. "डावीकडं बघायला अख्खी मान वळवतोय. पूर्वी नुसती नजर टाकायचा."

ऑक्टोबरात डोक्याला मार बसल्यापासून हे सुरू झालं होतं.

"मग डावीकडनंच दोघं अंगावर सोडू," मी म्हणालो. "दिसणारच नाहीत त्याला."

"न दिसलेला धक्का कसा बसतो, पाहिलायस ना?" एवढंच बोलून त्यांनी पडदा बंद केला.

दुपारी त्यांनी खेळाडूंना डाव समजावला. मार्सेलस ग्रीरनं डाव्या बाजूनं थॅडवर धावून जायचं नाटक करायचं, दोन पावलं टाकून मागं सरकायचं. मार्सेलसची जागा मोकळी झाली असं समजून थॅड चेंडू तिथंच फेकणार.

"पाडायचं नाही, मग काय मांडीवर घ्यायचं त्याला?" मार्सेलसनं विचारलं. सगळे हसले.

"चेंडू घे. त्याला हात लावू नकोस," ऑर्विल म्हणाले.

रविवारी मार्सेलसनं थॅडचा पहिला चेंडू छातीवर झेलला. मग दुसरा. तिसऱ्यांदा तर थॅडनं सरळ त्याच्या हातातच दिला आणि अख्खं मैदान खिदळलं. याच लोकांनी सात वर्षं थॅडच्या नावाचे सदरे घातले होते.

थॅड जागीच उभा राहिला. शिरस्त्राण काढून त्यानं आधी एक डोळा तळव्यानं झाकला, मग दुसरा. नंतर तो आपल्या प्रशिक्षकांकडं गेला, काहीतरी बोलला आणि बाकावर बसला. पुन्हा उतरला नाही. आम्ही जिंकलो.

सामन्यानंतर बोळात तो ऑर्विलसमोर आला.

"तीनदा, कोच? एक फोन केला असता तर?"

"ऐकलं असतंस?"

थॅड भिंतीला टेकला. "नाही. डॉक्टरांशीसुद्धा खोटंच बोललो मी." मग म्हणाला, "लोक हसले हो माझ्यावर."

"ऐकलं मी," ऑर्विल म्हणाले. त्यांनी हात पुढं केला. थॅडनं तो धरला नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीत निघालं, डावीकडची बरीचशी नजर गेली होती. त्याचा खेळ संपला.

ऑर्विलनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा थॅडच्या बायकोनं, व्हर्नानं उचलला. दुसऱ्यांदा माझ्यासमोरच, स्पीकरवर बोलणं झालं.

"तो नाही बोलणार अजून," ती म्हणाली. "पण तो स्वतःच्या पायानं घरी आला, कोच. मला तेवढं पुरेसं आहे."

ऑर्विलनी फोन ठेवला, चष्मा काढला, आणि त्या दिवशी मला लवकर घरी जायला सांगितलं.