मोहनाताईची फायनल

"अहो, शांतीने चहा तरी प्या. कॉलेजचा समारंभ पाच वाजता आहे, आत्ता कुठे अकरा वाजतायत," निरुपमा म्हणाली.

माधवने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. सत्तावन्न वर्षांचा हा विमा कचेरीतला हेडक्लार्क गेलं वर्षभर अर्ध्या रजा टाकून आपल्या जुन्या कॉलेजच्या सामन्यांना जात होता, घसा बसेपर्यंत ओरडून घरी येत होता. आणि वर्षही काय उगवलं होतं! कॉलेजने आधी कबड्डीची ढाल जिंकली, मग हॉकीची आणि परवा मुलींच्या खो-खोची. मुलींनी ही ढाल पहिल्यांदाच आणली होती. माधवने रावपुऱ्यातल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात पेढे वाटले. पण तेव्हापासून त्याला चैन म्हणून नव्हतं.

"ताईला घेऊन येतो," तो एकदम उठला.

"त्या तर नाही म्हणाल्या ना फोनवर?"

"म्हणूनच जातो."

ताईच्या गावी, सावलीला, पोचायला स्कूटरवर तास लागला. मोहनाताई दारातल्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, डाव्या गुडघ्याला पट्टा.

"चल ताई, साडी बदल. आपल्या मुलींनी ढाल आणलीय."

"वाचलं पेपरात. सारु थयुं, बरं झालं. पण मी येऊन काय करू? माझं काय आहे तिथे?"

माधव बसला, उठला, अंगणात एक फेरी मारून आला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तुझा बेत अण्णांना मी सांगितला होता. तुला बघायला पाहुणे येणार होते आणि तू पहाटे मागच्या दाराने अहमदाबादला, फायनलला निघणार होतीस. मला कबड्डीच्या संघातून काढलं होतं गं. आणि तू खो-खोची कर्णधार! मला ते बघवलं नाही."

शेंगा सोलणारी बोटं थांबली नाहीत.

"ठाऊक आहे मला. बॅग कुठे लपवलीय ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं झाली. कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू यायचा बंद झाला असतास. सामना तर गेलाच होता. भाऊ पण कशाला घालवू?" तिने सूप बाजूला सारलं. "थांब, साडी बदलते."

कॉलेजच्या मैदानावर मांडव भरला होता. ढाल जिंकलेल्या मुलींचा सत्कार झाला, मग खो-खोच्या माजी कर्णधारांना वर्षांच्या क्रमाने व्यासपीठावर बोलावायला सुरुवात झाली. मोहनाताईचं वर्ष आलं. फायनलला ऐनवेळी संघ घेऊन उतरलेल्या दुसऱ्याच मुलीचं नाव पुकारलं गेलं.

माधव ताडकन उभा राहिला. मोहनाताईने त्याचं मनगट धरलं.

"बस ने, माधव."

"पण कर्णधार तू होतीस! मी सांगतो त्यांना."

"त्या दिवशी ती खेळली. एका गुणाने हरली, पण खेळली."

आणि तिने टाळ्या वाजवल्या. चांगल्या खणखणीत, त्या बाई पायऱ्या चढून वर जाईपर्यंत. माधव खाली बसला.

समारंभ संपला. बाजूच्या खो-खोच्या मैदानावर मुली ढालीसोबत फोटो काढत होत्या. चुन्याची फक्की अजून ताजी होती. मोहनाताई रेषेपाशी थांबली, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला.

"ताई, गुडघा!"

तिने ऐकलं नाही. पहिल्या खांबाला हात लावून ती निघाली. एका चौकोनाच्या उजवीकडून, पुढच्याच्या डावीकडून, पुन्हा उजवीकडून. पाय ओढत होता, पण एकही चौकोन चुकला नाही. मुलींनी हातातले फोन खाली केले.

दुसऱ्या खांबाला पंजाने धरून तिने वळसा घेतला आणि परत फिरण्याआधी झटकन खांद्यावरून मागे पाहिलं. माधवकडे नव्हे. आपल्याला बाद करायला पाठीवर कोणी येतंय का, ते पाहायला.