बूट दिसले, काका दिसले नाहीत

मित्रांनो, मी एक उभा फोटो आहे. रुंदीपेक्षा माझी उंची जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यात जे वाईट झालं ते या उंचीपायीच झालं.

माझा जन्म लाकडी जिने बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. दोन भावांनी तो उभारला. थोरले वारल्यावर त्यांची मुलगी आणि धाकटे भाऊ, म्हणजे तिचे काका, दोघं मिळून तो चालवू लागले. काकांचा हात आता थरथरत असे, म्हणून करवत पुतणीच्या हाती आली होती. पण वळणाचा जिना आखायचा तर नजर काकांचीच लागे.

गिऱ्हाइकांना दाखवायला तिथे तेरा पायऱ्यांचा एक नमुन्याचा जिना उभा आहे. तो कुठेच जात नाही. वर चढलात की भिंत लागते. पुतणीने वेबसाइटसाठी फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा काका स्वच्छ शर्ट घालून आले. गुडघ्यांना दटावत तेराव्या पायरीवर जाऊन बसले आणि बूट अकरावीवर टेकवले. पुतणी खाली कठड्याला हात लावून उभी राहिली. एका कामगाराने मोबाइल उभा धरून बटण दाबलं आणि मी झालो. माझ्यात काका हसताहेत. ते हसलेत असा दुसरा फोटो त्या घरात नाही, म्हणून मला माझी जरा जास्तच किंमत वाटते.

वेबसाइट पुतणीने तयार टेम्प्लेट घेऊन स्वतःच बांधली. टेम्प्लेट म्हणजे साचाच. नाव कुठे, मजकूर कुठे, फोटो कुठे, सगळ्या जागा आधीच आखलेल्या. पहिल्या पानाच्या माथ्यावर मुख्य फोटोची जागा होती, तिथे तिने मला बसवलं. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू? टेम्प्लेटने लगेच माझ्या निरनिराळ्या मापांच्या प्रती काढल्या. मोबाइलसाठी उभी काढली, तेव्हा मला हातही लावला नाही. मोठ्या पडद्यासाठी आडवी काढताना मात्र मधली पट्टी ठेवली आणि वरचं-खालचं सगळं छाटून टाकलं. त्याच्या मनात आकस नव्हता. त्याला फक्त माप कळत होतं.

कारखान्यात संगणक नव्हता. पुतणी सगळी कामं मोबाइलवरच उरकायची. तिने मला तिथेच पाहिलं, अख्खं. "झकास आलंय," म्हणाली आणि पायऱ्या घासायला बसली.

चार दिवसांनी काका लाकूड निवडायला वखारीत गेले. वखारवाल्याच्या टेबलावर ऐसपैस पडदा होता. त्याने मोठ्या कौतुकाने आमची वेबसाइट उघडली, आणि मी शरमेने अर्धा झालो. तसा अर्ध्याहून कमीच उरलो होतो म्हणा. मधोमध पुतणीचा चेहरा आणि तिच्या डोक्यावर दोन बूट. बाकी काका गायब.

वखारवाल्याला चेष्टेची खोड. "काका, पुतणीने घरी बसवलं की काय तुम्हाला? नुसते बूट ठेवलेत."

काका कसंनुसं हसले. लाकूड न निवडताच घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात यायचे बंद झाले.

पुतणीला वाटलं, गुडघे दुखत असतील. नवव्या दिवशी गोल जिन्याचं काम आलं, तेव्हा ती त्यांच्या घरी गेली.

"काका, आखणी तुमच्याशिवाय व्हायची नाही."

"मग बुटांना ने."

"कुठल्या बुटांना?"

"मला कापून टाकलंस ना तू? हात थरथरतो हे मलाही कळतं गं. पण तोंडावर सांगायचं होतंस."

तिने मोबाइलवर वेबसाइट उघडून मला त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा. कुठे कापलंय?"

मी अख्खा होतो. काका वर बसून हसत होते. त्यांना वाटलं, पोरीने घाईघाईत फोटो बदलला. तिला वाटलं, काकांचे कोणीतरी कान भरले. दोघंही खरं बोलत होती, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. त्या खोलीत मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

"वखारीत चल," काका म्हणाले.

मोठ्या पडद्यावर मला पाहून ती पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "मी हे पाहिलंच नाही, काका. माझ्या मोबाइलवर बघितलं आणि झालं म्हटलं."

"आणि मी विचारलंच नाही," काका म्हणाले. वखारवाला ओशाळला आणि खुर्ची सोडून उठला.

तिथेच बसून तिने दुरुस्ती सुरू केली. आधी मला आडवं ताणलं. "असा गुबगुबीत मी तान्हा असतानाही नव्हतो," काका म्हणाले. मग त्या पट्टीत मावेन इतकं मला लहान केलं. काका मुंगीएवढे झाले आणि दोन्ही बाजूंना मोकळं मैदान पडलं.

"ती जागाच आडवी कशाला?" काकांनी स्टूल पुढे ओढलं.

"टेम्प्लेटमध्ये तशीच आहे."

"अगं, दार बसत नाही म्हणून कोणी हातभर दार कापतं का? तुझ्या बापाने मला हाकलून दिलं असतं. चौकट बदल."

तिने शोधून शोधून पानाची दुसरी मांडणी काढली. डावीकडे उभा फोटो, उजवीकडे मजकूर. मला माझी उंची परत मिळाली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. कुठलाही फोटो लावाल तेव्हा तो लहान पडद्यावर बघा आणि मोठ्यावरही बघा. मधे उभ्या असलेल्याला सहसा काही होत नाही. कडेला कोण बसलंय, ते आधी शोधा.

त्या दिवशीचं अजून थोडं सांगायचंय. माझ्याखाली एक रकाना रिकामाच राहिला होता. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना फोटोत काय आहे ते मोबाइल वाचून दाखवतो. ते लिहायची ती जागा.

"इथे काय लिहू?" पुतणीने विचारलं.

"लिही, तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना."

तिने ते लिहिलं, आणि न विचारता पुढे लिहीत राहिली. काकांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला: "सर्वांत वरच्या पायरीवर माझे काका. जिना आखायला मी त्यांच्याकडून शिकले."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शिकले म्हणे," ते उठत म्हणाले. "गोल जिना कुठे येतोय तुला अजून? चल कारखान्यात."