उसात लपवलेली गाडी

अजीमचा निकाह भर दुपारी उरकावा लागला, त्या सालची ही गोष्ट. पाहुण्यांनी आधीच बजावलं होतं, दिवस मावळायच्या आत फाट्यावर सोडणार असाल तर येतो, नाहीतर तिकडूनच दुवा देतो. घोड नदीच्या काठी त्या साली बिबट्याचा फार उपद्रव होता. तिकडं त्याला वाघरूच म्हणतात.

अजीमची आई हुसेनबी. तिचं घर उसाच्या मधोमध, आणि घरापासून फाट्यापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसानं दाबलेली. या वाटेपायीच तिची धाकटी लेक शायना बारावीला चांगले मार्क पडूनही घरी बसली होती. शेजारच्या वस्तीवरचं पोर वाघरानं ओढून नेलं, आणि हुसेनबीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, "माझी पोरगी ह्या वाटंनं जायची न्हाई." दोन वर्षं तशीच गेली. शायनानं घरीच पुस्तकं धरून नर्सिंगची प्रवेश परीक्षा दिली, पण आईला राजी करेपर्यंत प्रवेशाच्या आधीच्या फेऱ्या होऊन गेल्या. राहिली शेवटची.

कॉलेजांची पसंती भरायला बाप मीरासाहेब तिच्याबरोबर शिरूरला नेट कॅफेत गेले.

"अब्बा, पयलं कुठलं टाकू? दौंडचं जवळ पडंल. जाऊन येऊन करीन."

"जाऊन येऊन न्हाई. जिथं ऊस न्हाई, ते पयलं टाक."

कॅफेवाला हसला. "मामा, कॉलेजाचं नाव सांगा. पिकाचं काय सांगताय?"

"मी पिकाचंच सांगतोय," मीरासाहेब म्हणाले.

अशानं पुण्याचं कॉलेज पहिलं गेलं, आणि नशिबानं तेच मिळालं. पण पुण्याला राहायचं म्हणजे हॉस्टेल आलं, मेस आली. ते झेपणारं नव्हतं. शिष्यवृत्त्यांच्या मुदतीही टळल्या होत्या. एका ट्रस्टचा अर्ज तेवढा चालू होता. तिथून निरोप आला, आमचे सर घर बघायला येतील, मग ठरवू.

हे ऐकून शेजारचे हौसराव सल्ला द्यायला आले. "वहिनी, अजीमची नवी गाडी आधी नजरेआड करा. गाडी दिसली की मदत बंद. माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं नुसता फ्रीज बघून गेलं."

गाडी अजीमला सासऱ्यानं दिलेली. हँडलला लग्नातले गोंडे अजून तसेच. हुसेनबीनं सकाळीच ती उसात आत ढकलायला लावली, वर पाचट टाकलं, आणि अजीम फाट्यावरून कंपनीच्या बसनं कामाला गेला.

सर सकाळी यायचे, ते एसटी चुकल्यामुळं दिवस कलल्यावर आले. एकटे, चालत. त्यांना त्या वाटेनं येताना बघून हुसेनबी लगबगीनं सामोरी गेली.

चहा झाला. सरांनी विचारलं, "घरात गाडी वगैरे?"

"न्हाई," हुसेनबी म्हणाली. शायनानं मान खाली घातली.

"आणि ही दोन वर्षं का वाया गेली, बाळ?"

"भ्यानं, सर. वाघराच्या."

सर हसणार होते, तेवढ्यात खुंटीकडं त्यांची नजर गेली. तिथं खिळे ठोकलेले पट्टे टांगले होते. वाघरानं मान धरू नये म्हणून रानात वाकून काम करताना घरातले ते गळ्यात घालत. सर हसले नाहीत. उठून म्हणाले, "निघतो मी. जाईन चालत."

उन्हं उसाच्या तुऱ्यांवर आली होती. हुसेनबी अंगणाच्या कडेपर्यंत गेली. गप्प राहिलं तर पोरीचं भलं होणार होतं. बोललं तर खोटं उघडं पडणार आणि पुण्याची जागा हातची जाणार. सर वाटेला लागले, आणि गोठ्यातल्या शेळ्या एकदम उभ्या राहिल्या. एकीनंही आवाज काढला नाही. सगळ्यांचे कान उसाकडं.

"सर, माघारी या!" हुसेनबी ओरडली. "पायी नका जाऊ. गाडी हाय. उसात लपवलीय मी."

सर जागीच थांबले, मग निमूट अंगणात आले. मीरासाहेबांनी पट्टा गळ्यात चढवला, ताट आणि काठी घेतली आणि ताट बडवत उसात शिरले. आवाज आत आत गेला. पानं सळसळली. मग ताट थांबलं.

"अब्बा?" शायनानं हाक मारली. उसातून काही नाही. हुसेनबीला कलमाही पुरता आठवेना. केवढा वेळ गेला कुणास ठाऊक. मग गाडीचा हॉर्न वाजला, आणि मीरासाहेब गाडी ढकलत बाहेर आले. ताट आतच राहिलं होतं. उजवा हात लटलट कापत होता.

"काय दिसलं?" हुसेनबीनं विचारलं.

"काय न्हाई. सरांना सोडा आधी."

त्या हातानं गाडी चालवणं शक्य नव्हतं. अजीमनं शायनाला अंगणातल्या अंगणात गाडी शिकवली होती. शायनानं ओढणी कमरेला बांधली, बापाच्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला, सरांना मागं बसवलं. "अम्मा, हॉर्न दाबूनच धरते. ऐकत ऱ्हा."

हॉर्न लांब लांब गेला. फाट्याच्या बाजूला विरला. हुसेनबी शेळीच्या गळ्यात हात घालून बसली. ज्या वाटेवर तिनं पोरीला दोन वर्षं पाऊल टाकू दिलं नाही, त्याच वाटेनं पोरगी आता तिन्हीसांजेला एकटी माघारी यायची होती. कितीतरी वेळानं हॉर्न पुन्हा ऐकू आला, तेव्हा तिनं शेळीच्या गळ्यातला हात काढला.

"सर म्हणाले, शिष्यवृत्ती मार्कांवर हाय, गाडीवर न्हाई," शायना उतरत म्हणाली. "घरचे पोरीला खरंच पाठवणार का, तेवढंच बघायला येतात."

"आन् माझ्या खोट्याचं?"

"त्याचं काय बोलले न्हाईत. हॉर्न लई चांगलाय म्हणाले."

त्याच महिन्यात शिष्यवृत्ती घेऊन शायना पुण्याला गेली. ऊस तुटला तेव्हा ते ताट तोडकऱ्यांना सापडलं. मीरासाहेबांचा हात कापायचा काही थांबला नाही, आणि आत काय दिसलं ते त्यांनी हुसेनबीलाही सांगितलं नाही. दोन हजार पंचवीस साली, रमजान लागायच्या आधीच्या जुम्म्याला, मीरासाहेब घरातच वारले.