कानवाल्यांची गाडी

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. भडभडभड, नुसता कानठळ्या बसवणारा. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून धरला, समोरच्या बाल्कनीतलं बाळ भोकाड पसरून रडायला लागलं, आणि गॅरेजच्या दारात कार्ब्युरेटर पुसत बसलेला रेडिएटर ताडकन उठला. रेडिएटर म्हणजे आपला माणूस. लवकर तापतो म्हणून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि ते खोटं आहे असं त्याची बायकोसुद्धा म्हणत नसे.

वळणावरून वडिलांची जुनी हिरवी गाडी आली. कालपरवापर्यंत चांगली चालत होती, आज अचानक हा गोंधळ. रेडिएटरने घाईघाईने हात पुसले. चला, अडला एकदाचा म्हातारा, आला पोराच्या दारात! त्याने दारातली स्कूटर बाजूला ढकलून गाडीपुरती जागासुद्धा केली.

"बाबा, इकडे! इकडे घ्या!"

गाडी त्याच्या नाकासमोरून भडभडत पुढे गेली. वडिलांनी मानसुद्धा वळवली नाही. रस्त्याच्या टोकाला, जावयाच्या गॅरेजसमोर, ब्रेक लागला.

"अस्सं!" रेडिएटर म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. न्हावी आरशातून बघतोय हे दिसल्यावर तर ती आणखीच वर चढली.

वडिलांना सगळे कानवाले म्हणत. का, तर बॉनेटखाली काय बिघडलंय ते हा माणूस नुसत्या कानाने सांगायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग निकाल लागायचा, बेअरिंग नाहीतर पंप, आणि उघडून बघावं तर तेच निघायचं. लहानपणापासून मुलगा शेजारी उभा असे. त्याला निम्म्या वेळा काही म्हणता काही कळत नसे, आणि मग गिऱ्हाइकांदेखत ठरलेलं वाक्य पडायचं, "कान आहेत की नुसती भोकं?"

पोरगा शिकला तो डोळ्यांनी. काजळी कुठे धरली, तेल कुठून पाझरलं, बोल्टावर नवा ओरखडा का आला. चांगला शिकला, स्वतःचं गॅरेज काढलं. पण वडिलांनी एकदा, आयुष्यात फक्त एकदा, तो स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात देऊन म्हणावं, "तू बघ रे, तुला काय वाटतं?" एवढंच त्याला हवं होतं. तेवढं काही झालं नाही. झालं काय, तर बहिणीचं लग्न, आणि घरात आला हा जावई. तोही मेकॅनिकच. भांग नीट पाडलेला, बोलणं साखरेत घोळलेलं. वडील जे सुरू झाले, जावईबापू असं म्हणतात, जावईबापूंना विचारून बघू. गेलं वर्षभर तर रोज संध्याकाळी त्याच्याच बाकावर बैठक. घरी पोराने काही बोलायला तोंड उघडलं, की टीव्ही एवढा मोठा करायचे की बोलणंच खुंटावं. एवढा का मी नकोसा झालोय? रेडिएटर वर्षभर हेच घोकत होता.

त्याने एक पाना उचलला. जावयाकडून कधीतरी आणलेला, परत द्यायचं निमित्त करून जाता येईल म्हणून. आणि निघाला.

तो पोचला तेव्हा वडील खाली उतरून बॉनेटशी उभे होते. इंजिन अजून धडधडत होतं.

"जावईबापू, जरा तेल बघा हो," वडील म्हणाले. "कमी झालंय बहुतेक."

तेल? अख्खा रस्ता दणाणतोय आणि यांना तेल आठवतंय! जावई मात्र हसला नाही. वडिलांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, सायलेन्सरकडे बोट दाखवलं आणि हवेत हाताने काहीतरी मोठं, फुटल्यासारखं दाखवलं. वडील क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हां, आणि तो आवाज," ते म्हणाले. "त्यासाठीच तर आणली."

बॉनेट उघडलं. रेडिएटरला लांबूनच दिसलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे जोडतात, तिथे काळी काजळी पसरली होती. पॅकिंग उडालेलं. धूर पाइपातून जायचा सोडून फटीतून बाहेर पडतोय, म्हणून हा दणदणाट. यात कान लावण्यासारखं काही नव्हतंच.

पण कानवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. टोक इंजिनाच्या माथ्यावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. अगदी तसंच, पूर्वीसारखं. मग त्यांनी हात केला आणि जावयाने इंजिन बंद केलं.

"टॅपेट," वडील म्हणाले. "ढिले झालेत."

"बरोबर, बाबा," जावई म्हणाला.

बरोबर? झडपांवरचे टॅपेट ढिले असले तर नुसती टकटक होते, असा दणदणाट नाही! रेडिएटरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, लपवायचं कशाला. कानवाले चुकले! आणि लाडके जावईबापू माना डोलावतायत! वडील त्याच्याकडे पाठ करून वाकले होते. रस्ता आता शांत होता. त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं, लहानपणापासून साठवलेलं, चांगलं खणखणीत.

"बाबा, कान आहेत की नुसती भोकं?"

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. वडील वळले नाहीत. कापडाने ते स्क्रूड्रायव्हर पुसत होते, सावकाश, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने.

"बाबा!" तो आणखी मोठ्याने म्हणाला.

पुसणं चालूच होतं.

"त्यांना नाही ऐकू येत, दादा," जावई म्हणाला. हळू आवाजात नाही, नेहमीसारखाच बोलला, आणि तेच जास्त भयंकर होतं. "मुठीतून नुसती थरथर लागते. माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखतात. वर्ष होत आलं."

रेडिएटरने आणलेला पाना बाकावर ठेवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. म्हणाले, पोराला जन्मभर कानांवरून बोललो, आता कोणत्या तोंडाने सांगू?" जावयाने मान खाली घातली. "डॉक्टरांकडे चला म्हटलं तर तयार नाहीत. मशीन दिसेल कानात, म्हणतात. तुम्हाला दिसेल म्हणून."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण आधी काय वाटलं ते सांगायला लाज वाटावी. आधी जळजळलं. म्हाताऱ्याने आपलं दुखणंसुद्धा जावयालाच दिलं! मला तेवढंही नाही! मग त्याला आपणच आत्ता काय बोललो ते आठवलं, आणि तोंड कडू झालं.

वडील वळले. मुलाला बघून दचकले, लगेच सावरले. "तू कधी आलास?"

"आत्ताच," तो म्हणाला. मग समोर आला. "टॅपेट ना? मी करतो."

जावई त्याच्याकडे बघतच राहिला. "करा की," म्हणाला, आणि मुकाट्याने नवीन पॅकिंग शोधायला आत गेला.

इंजिन गार होईस्तोवर तिघांनी चहा घेतला. मग रेडिएटरने वरचं झाकण काढलं आणि ठणठणीत असलेले टॅपेट एकेक करून मापाने तपासले, मुद्दाम वेळ लावून, वडिलांना दिसेल असं. वडील चष्मा लावून वाकून बघत होते, मधूनच "जरा घट्ट घे" म्हणत होते, आणि तो घेतल्यासारखं करत होता. पलीकडच्या बाजूला जावई पाइपाचे नट सोडून जळकं पॅकिंग बदलत होता. काम खरं त्याचं. पण आज त्याचा रेडिएटरला हेवा वाटला नाही, असं म्हणणं जरा जास्तच होईल. कमी वाटला.

गाडी सुरू केली. आवाज गेला होता. जुनी गाडी, तरी कशी गुरगुरत होती, पोट भरलेल्या मांजरीसारखी.

वडिलांनी स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. कपाळावर आठी आली, मग ती सैल झाली, मग पुन्हा आली. डोळे उघडून त्यांनी जावयाकडे पाहिलं, जावई नेमका पाने गोळा करत होता. मग त्यांनी मूठ मुलापुढे केली.

"तू बघ रे," ते म्हणाले. "तुला काय वाटतं? गेला का आवाज?"

रेडिएटरने स्क्रूड्रायव्हर घेतला. मूठ वडिलांच्या कानाने कोमट झालेली होती. त्याने ती आपल्या कानाला लावली, डोळे मिटले आणि हवं होतं त्याहून जास्त वेळ मिटलेलेच ठेवले. उघडले तेव्हा वडील त्याच्या ओठांकडे बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"गेला, बाबा," तो म्हणाला. "टॅपेटच होते."

आणि त्यांना नीट दिसावं म्हणून, सावकाश, पुन्हा एकदा म्हणाला.